आठ महिन्यांचे वर्ष

माळशेज घाटापासून कसारा घाटापर्यंत सह्याद्रीची जी रांग उभी आहे, तिच्या पायथ्याला पसरलेल्या मुरबाड आणि शहापूर या दोन तालुक्यांत मृगाचा पाऊस एकदा लागला, म्हणजे खणून ठेवलेला पाया पाण्याने भरतो, मुरमाच्या रस्त्यावरून मालमोटार जाईनाशी होते, ओढ्यापलीकडच्या पाड्यांशी दळणवळण तुटते, आणि ज्या कामाची मुदत कागदावर अद्याप शिल्लक असते ते काम वस्तुतः दसऱ्यापर्यंत तहकूब झालेले असते. सरकारी वर्ष बारा महिन्यांचे आहे. येथील बांधकामाचे वर्ष आठ महिन्यांचे आहे, आणि त्या आठांतूनही भातकापणीचा, लग्नसराईचा व पाणीटंचाईचा काळ वजा करावा लागतो. कामांचा क्रम आणि त्यांना लागणारी साधने यांची वेळेवर गाठ घालून देण्याच्या ज्या शास्त्राचा परिचय पुढील पृष्ठांत करून द्यावयाचा आहे, त्याची अभ्यासभूमी म्हणून हे दोन तालुके निवडण्याचे कारण हेच, की काळ मुबलक आहे असा भ्रम येथे कोणालाही फार दिवस बाळगता येत नाही.

या विषयावरील विवेचन बहुधा कामांच्या यादीपासून सुरू होते. प्रथम कामांचे तुकडे पाडावेत, मग त्यांची मुदत ठरवावी, मग क्रम लावावा, आणि सर्वांत शेवटी प्रत्येकापुढे माणसे व यंत्रे यांचे आकडे लिहावेत, अशी ती रीत आहे. मला हा आरंभ उलटा वाटतो. पाया खणल्यावाचून भिंत उठत नाही, हे सांगण्यास शास्त्राची आवश्यकता नाही. परंतु पाया खणणारे हात त्या दिवशी कोठे असतील, ते आधीच कोणाला शब्द देऊन बसले आहेत काय, भिंतीवर मारावयाचे पाणी त्या महिन्यात विहिरीत उरेल काय, आणि गवंड्यांची जी एकच तुकडी पंचक्रोशीत आहे ती कोणत्या गावी गुंतली असेल, हे प्रश्न खरोखर अवघड आहेत. त्यांची उत्तरे घेतल्यावाचून आखलेले वेळापत्रक कितीही रेखीव असले तरी तो एक मनोरथच असतो.

ही दृष्टी मी कोणत्याही परदेशी ग्रंथातून घेतलेली नाही. येथील भातशेतीत ती पूर्वापार नांदत आहे. मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे पौष पौर्णिमेला खांबलिंगेश्वराची यात्रा भरते, आणि तेथील बैलबाजारात ज्याची जोडी मोडली आहे तो शेतकरी नवी जोडी पाहतो. म्हणजे आषाढातील चिखलणीला लागणाऱ्या साधनाची तजवीज सहा महिने आधी होते. उन्हाळ्यात शेण, गवत, पालापाचोळा यांचे थर रचून राब भाजला जातो, कारण रोप जेथे वाढावयाचे ती जमीन पावसाच्या आधी तणमुक्त झाली पाहिजे. मृगाच्या सुमारास राबावर बी पडते, आणि त्या क्षणापासून एक घड्याळ चालू होते, जे कोणाच्याही सोयीसाठी थांबत नाही: रोप साधारण तीन आठवड्यांचे झाले की त्याची लावणी झाली पाहिजे, ते जून झाले तर फुटवे कमी येतात आणि उतारा घटतो. पण लावणीला केवळ रोप पुरत नाही. खाचरात पाणी उभे हवे, बैलांनी चिखलणी केलेली हवी, रोपे उपटून त्यांच्या जुड्या बांधलेल्या हव्यात, आणि मग दिवसभर वाकून ती रोवणाऱ्या बायका हव्यात. ह्या चार गोष्टी एकाच दिवशी एकाच बांधात आल्या तरच काम होते. चिखल एकदा बसला की रोप रोवणे जड जाते, आणि उपटलेली जुडी फार काळ ठेवता येत नाही.

आता प्रत्येक घरापाशी इतकी माणसे नसतात, आणि सगळ्यांची लावणी तर त्याच तीन-चार आठवड्यांत यावयाची. यावर या मुलखाने काढलेला तोडगा म्हणजे सावड. आज तुझ्या खाचरात सगळे, उद्या माझ्या खाचरात सगळे. मजुरी नाही, केवळ पाळी. आणि पाळीचा हिशेब तोंडी असला तरी तो कोणी चुकवीत नाही. सावडीचे कौतुक सहकार्याचा आदर्श म्हणून पुष्कळ झाले आहे, पण त्यात जो नियोजनाचा विचार आहे त्याकडे कोणी फारसे पाहिलेले नाही. पहिली पाळी कोणाची, हा तिथला खरा प्रश्न. ती मानाने ठरत नाही आणि जमिनीच्या आकारानेही ठरत नाही. ज्याचे खाचर उंचावर आहे, ज्यात दोन दिवस उघडीप पडली की पाणी ओसरते, त्याची पाळी पाऊस चांगला लागलेल्या दिवशीच घ्यावी लागते. ज्याचे खाचर खोलगट आहे, वरच्या बांधांचे पाणी ज्यात पाझरते, त्याला चार दिवस थांबवता येते. ज्याचे बी आधी पडले त्याचे रोप आधी जून होणार, म्हणून तोही पुढे येतो. वरकस जमिनीतील नाचणी-वरीची लावणी मागे ठेवली जाते. थांबण्याची ज्याला सवड नाही त्याला साधन आधी मिळावे, आणि ज्याला सवड आहे त्याने ती इतरांसाठी खर्च करावी, हा या शास्त्राचा सर्वांत महत्त्वाचा नियम आहे. आणि कुणबी, ठाकूर, महादेव कोळी अशा सर्व शेतकऱ्यांच्या घरांतून तो कागदावाचून पाळला गेला आहे.

कागद मग कशासाठी? सावडीत प्रत्येकाला प्रत्येकाचे खाचर ठाऊक असते; सगळे ज्ञान एकाच बांधावर उभे असते. ज्या कामात ग्रामपंचायत, पंचायत समिती, वनखाते, वीज कंपनी, ठेकेदार, खडीचा पुरवठादार आणि मजुरांचा मुकादम अशा सात जणांचा संबंध येतो, आणि त्यांपैकी कोणीही दुसऱ्याची अडचण डोळ्यांनी पाहिलेली नसते, तेथे ती अडचण सर्वांना दिसेल अशा रीतीने मांडणारी काही एक लिपी लागते. ही गरज पोलंडमधील कारोल अदामिएत्स्की या अभियंत्याला १८९६ च्या सुमारास पोलाद कारखान्यात जाणवली, आणि पुढे अमेरिकेत हेन्री गँट याने पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे जे आडव्या पट्ट्यांचे तक्ते रूढ केले, ते आज त्याच्याच नावाने जगभर ओळखले जातात. १९५७ मध्ये ड्यूपाँ या रसायन कंपनीच्या कामासाठी मॉर्गन वॉकर आणि जेम्स केली यांनी क्रिटिकल पाथ पद्धत बसवली, आणि त्याच सुमारास, १९५८ मध्ये, अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामातून पर्ट ही पद्धत निघाली. दोहोंचे मर्म एकच: एकमेकांवर अवलंबून असलेल्या कामांच्या ज्या अनेक साखळ्या असतात, त्यांपैकी सर्वांत लांब साखळी संपूर्ण कामाची मुदत ठरवते, त्या साखळीतील एक दिवस गेला की शेवटचा दिवस एकाने पुढे जातो, आणि इतर साखळ्यांत मात्र थोडीबहुत सवड असते.

हा शोध मोठा आहे, यात संशय नाही. तथापि त्याच्या मूळ गणितात माणसे व यंत्रे मागितली की मिळतात असे एक मूक गृहीतक होते, आणि साधनांच्या मर्यादेचा विचार त्यात मागाहून मिसळावा लागला. तो मिसळला की निष्कर्ष किती पालटतात, हे एका छोट्या उदाहरणाने दाखवतो. समजा, एका ग्रामपंचायतीच्या हद्दीत दोन पाड्यांवर दोन सिमेंट बंधारे बांधावयाचे आहेत. प्रत्येकाच्या पायाला तीन आठवडे, काँक्रीट व भिंतीला चार, आणि भिंतीवर पाणी मारून ती पक्की होऊ देण्यास व तिच्या पंखांमागील भरावास तीन, अशी दहा आठवड्यांची साखळी आहे. केवळ क्रम पाहणारा म्हणेल, १ डिसेंबरला दोन्हीकडे कुदळ मारा, फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात दोन्ही पुरे होतील. पण गवंड्यांची तुकडी एकच आहे. ती तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस पहिल्या बंधाऱ्यावर जाईल, सातव्याच्या अखेरीस मोकळी होईल, मग दुसऱ्यावर अकराव्यापर्यंत गुंतेल, आणि काम चौदा आठवड्यांनी, म्हणजे मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात संपेल. येथवर निराशा आहे; पण हेच आकडे आणखी एक गोष्ट सांगतात. दुसऱ्या पायाला गवंडी सातव्या आठवड्याआधी येणारच नाही, तेव्हा तो पहिल्या आठवड्यात खणण्याची घाई कशाला? पहिला पाया खणून झाल्यावर तेच मजूर दुसऱ्यावर जातील, सहाव्या आठवड्यात मोकळे होतील, आणि पहिल्या बंधाऱ्याचा भरावही पुढे तेच उचलतील. मजुरांची संख्या दुप्पट करून एक दिवसही वाचत नाही. जो अधिकारी काम रखडलेले पाहून माणसे वाढवा असा हुकूम सोडतो, त्याने आधी कोणती माणसे हे विचारले पाहिजे.

आणि दोहोंपैकी पहिला बंधारा कोणता? ज्या ओढ्याचे पाणी आधी आटते त्या ओढ्यावरचा. काँक्रीटला दिवसेंदिवस पाणी पाजावे लागते. ओढा कोरडा पडल्यावर ते पाणी टँकरने आणावे लागेल, आणि टँकर तर त्या वेळी पाड्याच्या पिण्यासाठीच पुरेसा नसेल. उंचावरच्या खाचराला पहिली पाळी देणारा तो सावडीचा न्याय येथे अक्षरशः लागू पडतो. हे लिहिताना मनाला एक टोचणी लागल्यावाचून राहत नाही. १८९२ पासून तानसा, १९५७ पासून नानासाहेब मोडक यांच्या नावाचा मोडकसागर, आणि त्यानंतर भातसा अशी तीन मोठी धरणे या शहापूर तालुक्याच्या भूमीवर मुंबईची तहान भागवीत आहेत. त्याच तालुक्यातील पाड्यांवरच्या बाया उन्हाळ्यात हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. महानगराच्या पाण्याचे नियोजन थेंबाथेंबाने होते आणि धरणाकाठच्या पाड्याचे टंचाई जाहीर झाल्यावर होते, ही विषमता केवळ साधनांची नाही, ती नियोजनाची आहे, म्हणून तिचा उल्लेख या विषयाच्या बाहेरचा मानता येत नाही.

वर १ डिसेंबर ही तारीख मी सोयीसाठी धरली. प्रत्यक्षात ती क्वचितच साधते. अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश या पायऱ्या चढत कागद दप्तरातून बाहेर पडतो तेव्हा बहुधा माघ-फाल्गुन आलेला असतो, आणि ३१ मार्चच्या आत खर्च दाखवण्याचा तगादा त्याच्या पाठोपाठ येतो. त्या वेळी पाड्यावर माणूस नसतो. दिवाळी झाली, भाताची झोडणी उरकली, की शहापूर-मुरबाडची कातकरी कुटुंबे भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर बिऱ्हाडासह निघून जातात. त्यांचे हे जाणे त्यांच्या इच्छेवर फारसे अवलंबून नसते. पावसाळ्यात घरातले धान्य सरले तेव्हा, किंवा सणाच्या तोंडावर, त्यांनी भट्टीवाल्याकडून उचल घेतलेली असते, आणि ती फिटेपर्यंत त्यांचे हात गहाण पडलेले असतात. शिमग्याला चार दिवस ती घरी येतात. कायमची परत येतात ती मे महिन्याच्या अखेरीस, जेव्हा आभाळ भरून येऊ लागलेले असते. ज्या मजुराच्या नावावर अंदाजपत्रकात मनुष्यदिवस लिहिलेले आहेत, तो मजूर त्या दिवसांचा करार दुसऱ्या कोणाशी भाद्रपदातच करून बसला आहे, ही गोष्ट वेळापत्रकात कोठेही नोंदलेली नसते. माणसाला साधन म्हणणाऱ्या शास्त्राने हे विसरता कामा नये, की सिमेंटच्या गोणीला स्वतःचे पंचांग नसते आणि माणसाला असते.

या जागी रोजगार हमी योजनेचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. विधानपरिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या विचारातून निघालेली, १९७२ च्या दुष्काळात राज्यभर पसरलेली, १९७७ मध्ये अधिनियमाचे रूप पावलेली व २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आलेली ही योजना सामाजिक न्यायाच्या अंगाने पुष्कळ चर्चिली गेली. तिच्यातील नियोजनाचे तत्त्वही तितकेच मोलाचे आहे. मागणी आल्यापासून पंधरा दिवसांत काम द्यावयाचे, तर मागणी आल्यावर काम शोधून चालत नाही. मोजणी झालेली, आराखडे मंजूर झालेली कामे आधीच यादीवर तयार असावी लागतात. अशा तयार कामांच्या साठ्याला कचेऱ्यांत शेल्फवरील कामे म्हणतात. ज्या तालुक्यात हा साठा खरा असतो तेथे झोडणी संपताच मस्टर निघते व उचलीची बेडी पायात पडण्याआधी पर्याय समोर येतो. जेथे तो केवळ कागदावर असतो तेथे मजूर कागदाची वाट पाहत नाही.

कामांचा क्रम म्हणजे केवळ माती, दगड आणि सिमेंट यांचा क्रम, ही समजूत या तालुक्यांनी मोठी किंमत देऊन खोटी पाडली आहे. मुरबाड तालुक्यातील काळू नदीवरील धरणाचे काम वनजमिनीची मंजुरी हाती येण्याआधीच सुरू झाले, आणि २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने ते थांबले. यंत्रे आली होती, माणसे आली होती, पैसा आला होता. साखळीतील जो दुवा सर्वांत आधीचा होता तोच सुटलेला होता. बारवी धरणाची गोष्ट याच्या नेमकी उलट टोकाची आहे. औद्योगिक विकास महामंडळाच्या या धरणाची उंची वाढवण्याचे बांधकाम उरकले, दरवाजे बसले, आणि तरीही वाढीव पाणी वर्षानुवर्षे साठवता आले नाही, कारण बुडिताखाली येणाऱ्या गावपाड्यांचे पुनर्वसन पुरे झाले नव्हते. २०१९ च्या पावसाळ्यात प्रथमच नव्या उंचीपर्यंत पाणी चढले. भिंतीचा तक्ता ज्यांनी ठेवला त्यांनी तो चोख ठेवला असेल. परंतु धरण पाणी साठवू लागण्याची तारीख ज्या साखळीने ठरवली ती भिंतीची नव्हती, ती माणसांच्या घरादारांची होती. पुनर्वसन हे प्रकल्पाच्या कडेचे एक दयाधर्माचे काम नसून अनेकदा तीच त्याची निर्णायक साखळी असते, हे ज्याला तक्त्यावर मांडता येते तो अधिकारी विस्थापितांचेही हित करतो आणि प्रकल्पाचेही.

आधी काय आणि मग काय, याचे भान आपल्या परंपरेत नव्हते असे मानण्याचे कारण नाही. रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी आज्ञापत्रात दुर्गबांधणीचा जो विचार मांडला, त्यात तट-बुरुजांच्या आधी पाण्याचा विचार येतो: गडावर पाणी आहे की नाही हे पाहावे, नसल्यास खडक फोडून टाकी खोदावीत, मग पुढचे. आसनगावाजवळच्या माहुलीवर चढणाऱ्याला ती खडकातली टाकी पाहताना या क्रमाची यथार्थता सहज पटावी.

मोठ्या कामांचे प्रमाण निराळे असले तरी न्याय तोच राहतो. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८५५ मध्ये वाशिंदला, १८६० मध्ये आसनगावला आणि १८६१ मध्ये कसाऱ्याला पोहोचला; तेथून इगतपुरीपर्यंतचे सुमारे पंधरा किलोमीटरचे अंतर चढून जाण्यास १८६५ साल उजाडले. एकास सदतीस हा चढ, डोंगरातले बोगदे, दऱ्यांवरचे उंच पूल, आणि मधले पावसाळे, या सर्वांची ती चार वर्षे. दीडशेहून अधिक वर्षांनी समृद्धी महामार्ग त्याच डोंगरापाशी आला, तेव्हा ७०१ किलोमीटरपैकी नागपूर ते शिर्डी हे ५२० किलोमीटर डिसेंबर २०२२ मध्ये खुले झाले, आणि इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा, बोगद्यांचा व उंच पुलांचा टप्पा सर्वांत शेवटी, जून २०२५ मध्ये. किलोमीटर मोजून कामाची प्रगती सांगणाऱ्या आकड्यांवर विश्वास ठेवणाऱ्याने हा घाट एकदा लक्षपूर्वक पाहावा: मार्गाचा नऊ-दशांश भाग पुरा झाला तेव्हाही शेवटची तारीख घाटाच्याच हाती होती.

पुढील प्रकरणांत कामांची फोड, साखळ्यांचे गणित, साधनांची वाटणी, सवडीचा हिशेब आणि प्रगतीची नोंद यांचा क्रमवार विचार येईल. उदाहरणे बंधारा, शाळेची खोली, पाड्याकडे जाणारा रस्ता, नळयोजना अशी साधी घेतली आहेत, कारण हे विवेचन ज्यांच्या हाती पडावे अशी माझी इच्छा आहे ते ग्रामसेवक, शाखा अभियंते, सरपंच आणि मजुरांचे मुकादम अशाच कामांत आयुष्य घालवतात. गणित बेरीज-वजाबाकीच्या पुढे जात नाही. संगणकावरची साधने ज्यांना उपलब्ध आहेत त्यांनी ती अवश्य वापरावीत, परंतु त्यांना पुरवावयाची माहिती संगणक गोळा करून देत नाही.

ती माहिती गोळा करण्याचा काळ मात्र नेमका आहे, आणि तो चुकवू नये अशी माझी आग्रहाची विनंती आहे. लावणी संपलेली असते, कापणीला अवकाश असतो, गौरी-गणपतीसाठी सगळे घरी असतात, आणि भट्टीवाल्यांची माणसे उचलीचे पैसे घेऊन अद्याप पाड्यावर फिरकलेली नसतात किंवा नुकतीच फिरकू लागलेली असतात. भाद्रपदातील हे दिवस म्हणजे येत्या आठ महिन्यांचे वेळापत्रक आखण्याचा मुहूर्त. शाखा अभियंत्याने तेव्हा पाड्यावर जावे, नकाशा व कोरा तक्ता बरोबर न्यावा, आणि कामांची यादी वाचून दाखवण्याआधी घरटी विचारावे: दिवाळीनंतर गावात कोण राहणार, किती उचल मिळाली तर जावे लागते, किती दिवसांची मजुरी किती तारखेपर्यंत हातात पडली तर राहता येईल, आणि कोणत्या ओढ्याला कोणत्या महिन्यापर्यंत पाणी असते. मिळालेली उत्तरे तक्त्याच्या पहिल्या ओळीत लिहावीत. कामांच्या ओळी त्यांच्या खाली येतील.